एएलपी वाढलंय, पण लिव्हरचं की हाडांचं?

रक्ताच्या रिपोर्टात एखादा आकडा ठळक छापून आला आणि त्याच्यापुढं 'हाय' लिहिलेलं दिसलं की माणसाची झोप उडते. मिरजेत लॅबच्या खिडकीशी उभं राहिलं की हे रोज दिसतं. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथं दवाखाना उघडला, तेव्हापासून लांबलांबची माणसं औषधपाण्याला मिरजेलाच येतात. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडून अथणी, कागवाड. दिवसाची मजुरी बुडवून, एसटीनं येऊन, रिपोर्ट हातात घेऊन ती विचारतात, "मॅडम, लिव्हर गेलं का वो माझं?"

हा प्रश्न बऱ्याचदा एकाच आकड्यावरून आलेला असतो. अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे एएलपी. लिव्हर फंक्शन टेस्टच्या कागदावर छापलेलं असतं म्हणून सगळे ते लिव्हरचंच समजतात. पण हे प्रथिन लिव्हरमधून येतं तसंच हाडांतूनही येतं, आणि रिपोर्टवरचा एकूण आकडा ते कुठून आलं हे सांगत नाही. ते शोधायचं असेल तर त्याच कागदावरचे बाकीचे आकडे वाचावे लागतात. ते कसे वाचायचे, हे मला इथं नीट सांगायचं आहे. एका आकड्याच्या भीतीनं महिनोन् महिने भलत्याच अवयवाचे उपचार घेणारी माणसं मी पाहिली आहेत.

आधी रक्तातल्या प्रथिनांबद्दल थोडं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं त्याला सीरम म्हणतात. १०० मिलिलिटर सीरममध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रथिनं असतात. त्यातली काही रक्तातच काम करण्यासाठी बनवलेली असतात, जसं अल्ब्युमिन किंवा रोगाशी लढणारी अँटिबॉडी. काहींचं खरं ठिकाण पेशीच्या आत असतं, पेशीला इजा झाली की ती रक्तात सांडतात. लिव्हरच्या पेशींतली एसजीपीटी आणि एसजीओटी ही त्यातली. आणि काही म्हणजे चालू असलेल्या बांधकामातून किंवा पाडकामातून बाहेर पडलेले तुकडे असतात, हाडांची बरीच चिन्हं अशी असतात. कुठलं प्रथिन कुठल्या प्रकारातलं, हे कळलं की आकडा वाढला किंवा घटला याचा अर्थ लावता येतो. सांडणारं प्रथिन वाढलं तर इजा चालू आहे. बनवलं जाणारं प्रथिन घटलं तर कारखाना मंदावलाय, किंवा माल कुठून तरी गळतोय.

एएलपी येतं कुठून

हाड म्हणजे नुसता चुना नव्हे. त्यात कोलॅजनची जाळी असते आणि त्या जाळीवर कॅल्शियम आणि फॉस्फेटचे खडे बसतात. नवं हाड घालणाऱ्या पेशींना ऑस्टिओब्लास्ट म्हणतात. त्यांच्या अंगावर एएलपी असतं आणि ते फॉस्फेट मोकळं करून खडे बसायला मदत करतं. हाडं घट्ट होण्यात या एन्झाइमचा, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणाऱ्या प्रथिनाचा, हात असावा, हे रॉबर्ट रॉबिसन यांनी १९२३ सालीच मांडलं होतं. लिव्हरमध्ये हेच एन्झाइम पित्ताच्या बारीक नळ्यांच्या काठावर असतं. पित्त तुंबलं, मग ते खड्यानं असो, गाठीनं असो की औषधानं, की लिव्हरच्या पेशी ते जास्त बनवतात आणि रक्तात त्याची पातळी चढते.

मोठ्या माणसात एएलपी साधारण ४० ते १३० युनिटच्या घरात असतं, लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं. उंची वाढत असलेल्या पोरांत मात्र ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पट असणं हेच नॉर्मल. कारण हाडं बांधणं जोरात चालू असतं. पोराच्या रिपोर्टवर मोठ्या माणसाची नॉर्मल रेंज छापलेली असते आणि आईबाप हवालदिल होतात, हे होता कामा नये. पोटुशी बाईत शेवटच्या तीन महिन्यांत वारेतून येणारं एएलपी मिळून आकडा वाढतो, तेही नैसर्गिकच. हाड मोडून जुळत असतानाही वाढतो.

आता एक नेहमी दिसणारा रिपोर्ट घ्या. विट्याच्या यंत्रमागावर वर्षानुवर्षं छपराखाली काम केलेल्या मावशी. कंबर, मांड्या, बरगड्या दुखतात, जिना चढवत नाही, उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागतो, चाल बदकासारखी झालेली. एएलपी ३४०. कुणीतरी सांगतं, लिव्हरला सूज आहे. मग झाडपाल्याचं काविळीचं औषध सुरू, तेल-तूप बंद, मटण बंद. पण कागदावर बाकीचं काय आहे? बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पित्तातलं पिवळं द्रव्य, ०.६. एसजीपीटी २२. म्हणजे पित्त तुंबलेलं दिसत नाही आणि लिव्हरच्या पेशी फुटतही नाहीत. अशा वेळी जीजीटी नावाची तपासणी कामाला येते. हे एन्झाइम लिव्हरमध्ये आणि पित्तनळ्यांत असतं, हाडात त्याचं नाव नाही. एएलपीबरोबर जीजीटीही वाढलं तर बोट लिव्हरकडं. जीजीटी नॉर्मल आणि एएलपी एकटंच वर, तर हाडांकडं बघायचं. मावशींचं जीजीटी १९ येतं, म्हणजे नॉर्मल. पुढं कॅल्शियम, फॉस्फरस आणि व्हिटॅमिन डी तपासलं की फॉस्फरस आणि डी दोन्ही तळाला गेलेलं दिसतं. हा ऑस्टिओमलेशिया, मोठेपणचा मुडदूस. जाळी विणली जाते, पण तिच्यावर खडे बसत नाहीत, मग ऑस्टिओब्लास्ट आणखी जोर लावतात आणि एएलपी चढतं. औषध म्हणजे व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि उन्हात बसणं. लिव्हरच्या पथ्यानं त्यांची हाडं आणखी हलाखीत गेली असती.

जीजीटीलाही मर्यादा आहेत, त्या सांगायला हव्यात. दारूनं ते वाढतं. फिटच्या काही जुन्या गोळ्यांनीही वाढतं, उदाहरणार्थ फेनिटॉइन. आणि याच गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर लिव्हर व्हिटॅमिन डी लवकर मोडून टाकतं आणि हाडं मऊ पडू शकतात. अशा रोग्यात जीजीटी लिव्हरकडं बोट दाखवतं आणि दुखणं हाडात असतं. म्हणून गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हा रिपोर्ट पुरा वाचता येत नाही. गरज पडली तर हाडाचं एएलपी वेगळं मोजायची तपासणीही आहे, ती महाग असते आणि क्वचितच लागते.

यंत्र हे मोजतं तरी कसं? सीरमच्या काही थेंबांत एक रंगहीन द्रव्य घालतात, पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेट. एएलपी त्यातला फॉस्फेट तोडतं आणि उरलेलं द्रव्य पिवळं होतं. पिवळेपणा जितका भराभर चढेल तितकं एएलपी जास्त. यंत्र तो वेग मोजतं आणि त्यावरून युनिट काढतं. या एन्झाइमला काम करायला झिंक आणि मॅग्नेशियम लागतं. रक्त चुकून आधी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतलं आणि तेच पिवळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ओतलं, तर जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए हे धातू पकडून ठेवतं. मग एएलपी खोटं कमी येतं, कॅल्शियमही खोटं कमी येतं आणि पोटॅशियम भयंकर जास्त. हे तिन्ही एकदम दिसले तर रोग्याला आयसीयूत न्यायच्या आधी नमुना परत घ्यायचा असतो.

अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हरचा साठा

एसजीपीटी हजारावर गेलं की घरात रडारड सुरू होते. पण एसजीपीटी सांगतं ते एवढंच, की सध्या पेशी फुटत आहेत. लिव्हरमध्ये काम करण्याची ताकद किती उरली, हे ते सांगत नाही. ती ताकद कळते लिव्हर जे बनवतं त्यावरून, आणि त्यातलं मुख्य म्हणजे अल्ब्युमिन. लिव्हर रोज १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन तयार करतं. रक्तात ते ३.५ ते ५ ग्रॅम प्रति डेसिलिटर असतं. पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं आणि कॅल्शियम, बिलिरुबिन, औषधं वाहून नेणं ही त्याची कामं. ते फार घटलं की पाणी बाहेर झिरपतं, पायावर सूज येते, पोटात पाणी होतं.

अल्ब्युमिनचं अर्धं आयुष्य सुमारे तीन आठवडे. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद साठवायचे तसं आहे हे. एखाद्या वर्षी पीक बुडालं तरी पेवात जुना माल असेपर्यंत बाजाराला कळत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यानं कावीळ झाली, हिपॅटायटिस ए किंवा ई, तर पहिल्या आठवड्यात लिव्हरचं काम पार मंदावलेलं असू शकतं, तरी अल्ब्युमिन नॉर्मल दिसतं. साठा संपलेला नसतो. म्हणून अशा तातडीच्या आजारात डॉक्टर पीटी-आयएनआर मागतात, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. रक्त गोठवणारी प्रथिनंही लिव्हरच बनवतं आणि त्यातलं फॅक्टर सात नावाचं प्रथिन काही तासांतच संपतं. कारखाना आज थांबला तर आयएनआर उद्या वाढतं.

यातली एक गोष्ट घरच्यांना माहीत असायलाच हवी. कावीळ चालू असताना एसजीपीटी दोन हजारावरून तीनशेवर आलं म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. आयएनआर उतरत असेल, भूक लागत असेल, माणूस ताजा दिसत असेल, तर खरंच उतार पडलाय. पण एसजीपीटी घसरतंय आणि आयएनआर चढतंय, माणूस गुंगीत बोलतोय, दिवसा झोपून रात्री जागतोय, तर फुटायला पेशीच उरल्या नाहीत असा त्याचा अर्थ असू शकतो. तिथं एक दिवसही थांबू नये. पोटुशी बाईला हिपॅटायटिस ई झाला तर धोका आणखी मोठा, तिला पहिल्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यावं.

उलट वर्षानुवर्षांच्या आजारात, सिरॉसिसमध्ये, एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतं आणि अल्ब्युमिन २.४. गाजावाजा न करता लिव्हर आकसत गेलेलं असतं. चाइल्ड-प्यू नावाचा जो स्कोअर डॉक्टर काढतात, त्यात अल्ब्युमिन, बिलिरुबिन, आयएनआर, पोटातलं पाणी आणि माणूस कितपत शुद्धीवर आहे या पाच गोष्टी बघतात. एसजीपीटीला त्यात जागाच नाही, हे मला फार बोलकं वाटतं.

अल्ब्युमिन मात्र फक्त लिव्हरमुळंच घटत नाही. किडनीतून लघवीवाटे गळू शकतं, आतड्यातून गळू शकतं, आणि अंगात मोठा जंतुसंसर्ग असेल तरीही उतरतं. पायावर सूज आणि अल्ब्युमिन कमी दिसलं तर लिव्हरच्या आधी लघवीतली प्रथिनं तपासावीत. साधी, स्वस्त तपासणी आहे.

ए/जी रेशो उलटा आला तर

एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केलं की उरतं ते ग्लोब्युलिन. त्याचा मोठा भाग अँटिबॉडींचा. निरोगी माणसात अल्ब्युमिन ग्लोब्युलिनपेक्षा जास्त असतं, म्हणून ए/जी रेशो एकच्या वर. तो एकच्या खाली गेला की रेशो उलटला म्हणतात. रिपोर्टातली ही ओळ सगळ्यात कमी वाचली जाते. माझ्या मते ती सगळ्यात जास्त वाचली जायला हवी.

कारण ती दोन अगदी वेगळ्या रोगांत उलटते. सिरॉसिसमध्ये अल्ब्युमिन घटतं, आणि आतड्याकडून येणारे जंतूंचे अंश आकसलेलं लिव्हर गाळू शकत नसल्यानं सगळ्या जातीच्या अँटिबॉडी वाढतात. दुसरा रोग हाडांच्या आतला आहे. मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मगजातल्या, अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. प्लाझ्मा पेशींचा एकच कळप बेफाम वाढतो आणि एकाच साच्याची अँटिबॉडी रक्तात ओतत राहतो.

हा रोग इकडं फार उशिरा कळतो. साठी उलटलेला शेतकरी कंबर धरून येतो. आयुष्यभर उसाच्या मोळ्या उचलल्या, कंबर दुखणारच, असं त्याला स्वतःलाही वाटतं आणि घरच्यांनाही. मलम, शेक, दुखण्याच्या गोळ्या. अशक्तपणासाठी लोहाच्या बाटल्या. मग कधीतरी रिपोर्ट होतो. हिमोग्लोबिन ८, ईएसआर (रक्तपेशी खाली बसण्याचा वेग) शंभरावर, किडनीचं क्रिएटिनिन वाढलेलं, एकूण प्रथिनं ९.८, अल्ब्युमिन ३.२. म्हणजे ग्लोब्युलिन ६.६ आणि रेशो अर्ध्याच्याही खाली. यात एएलपी किती? बहुतेक वेळा नॉर्मल! हाड पोखरलं जात असतं, मणका दबलेला असतो, पण मायलोमा नवं हाड घालणाऱ्या पेशींनाच दाबून टाकतो. बांधकामच बंद, म्हणून एएलपी वाढत नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडात गेला तर उलटं घडतं, तिथं वेडंवाकडं नवं हाड बनत असतं आणि एएलपी खूप वाढतं. एएलपी नॉर्मल आहे म्हणून हाडं ठीक आहेत, असं म्हणता येत नाही ते यामुळं.

सिरॉसिस की मायलोमा, हे सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसनं कळतं. सीरम जेलवर ठेवून वीज सोडली की प्रथिनं आपापल्या विद्युतभाराप्रमाणं वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबतात. या तंत्राचा पाया आर्ने टिसेलिअस यांनी १९३७ च्या सुमारास घातला, १९४८ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आलेखात अल्ब्युमिनचं उंच शिखर आणि शेवटी गॅमा भागाची बुटकी टेकडी दिसते. सिरॉसिसमध्ये ही टेकडी रुंद फुगते, बीटा आणि गॅमामधली खिंड बुजून जाते. मायलोमात त्या जागी सुळका उभा राहतो, अरुंद आणि टोकदार. एकदा पाहिला की डोळ्यांपुढून जात नाही. एवढंच लक्षात ठेवावं, की लहानसा सुळका उतारवयात काही निरोगी माणसांतही सापडतो. त्यावर नुसतं लक्ष ठेवायचं असतं, लगेच कॅन्सर म्हणून घाबरायचं नसतं.

काही मायलोमा रोग्यांत पूर्ण अँटिबॉडी न बनता तिचे हलके तुकडेच बनतात आणि लघवीतून जातात. १८४० च्या दशकात लंडनमध्ये हेन्री बेन्स जोन्स या डॉक्टरांकडं हाडं मऊ पडलेल्या एका रोग्याची लघवी तपासायला आली होती. तापवली की गढूळ व्हायची, उकळी आली की परत निवळायची. ते हेच तुकडे, आजही त्यांना बेन्स जोन्स प्रथिन म्हणतात. लघवीच्या पट्टीवर मुख्यतः अल्ब्युमिन दिसतं, हे तुकडे निसटू शकतात. पन्नाशी-साठीनंतर न थांबणारी कंबरदुखी आणि त्यासोबत रक्त कमी असेल, तर ग्लोब्युलिन एकदा बघून घ्या, असं मी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला सांगते.

लिव्हर बिघडलं की हाडंही

रिपोर्टवरचं कॅल्शियम घ्या. रक्तातलं साधारण ४० टक्के कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन घटलं की एकूण कॅल्शियमही कमी दिसतं, शरीराला कामाचं असलेलं मोकळं कॅल्शियम मात्र नॉर्मल असू शकतं. म्हणून ढोबळ हिशेब करतात. अल्ब्युमिन ४ पेक्षा जितके ग्रॅम कमी, त्या प्रत्येक ग्रॅममागं कॅल्शियममध्ये ०.८ मिळवायचे. अल्ब्युमिन २ आणि कॅल्शियम ७.८ असेल, तर ७.८ अधिक १.६, म्हणजे ९.४. कॅल्शियम ठीक आहे, कमी आहे ते अल्ब्युमिन. शंका राहिलीच तर मोकळं कॅल्शियम थेट मोजता येतं.

व्हिटॅमिन डीचंही तसंच. उन्हानं कातडीत जे बनतं ते लिव्हरमध्ये जाऊन २५-हायड्रॉक्सी होतं, आपण तपासतो ते हेच. पुढं किडनीत त्याला धार येते. आणि आतड्यातून व्हिटॅमिन डी शोषायला पित्त लागतं. पित्त वर्षानुवर्षं तुंबलेल्या रोग्याची हाडं म्हणूनच ठिसूळ होतात, आणि त्याच्या वाढलेल्या एएलपीत लिव्हर आणि हाड दोघांचाही वाटा असू शकतो.

साध्या ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे पाळी गेल्यावर बायकांची हाडं विरळ होतात त्यात, एएलपी, कॅल्शियम, फॉस्फरस सगळं नॉर्मल येतं. ते हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनवर कळतं. रक्तातली पी-वन-एनपी आणि सीटीएक्स ही चिन्हं, एक बांधकामाचं आणि एक पाडकामाचं, औषध लागू पडतंय का हे बघायला वापरतात. सीटीएक्स सकाळी उपाशीपोटीच द्यावं, खाल्ल्यावर ते उतरतं.

रक्त द्यायला येताना जुने रिपोर्ट आणावेत, कारण एएलपी १५० हे गेल्या वर्षीही १४५ होतं की ६० होतं, यावर सगळं ठरतं. चालू असलेलं प्रत्येक औषध सांगावं, टीबीच्या गोळ्या, काढे आणि 'नॅचरल' म्हणून आणलेल्या कॅप्सूलसुद्धा. आपल्या सांगलीच्या हळदीनं भाजी करून खाल्ल्यानं काही बिघडत नाही. पण मिरीच्या अर्कासोबत जास्त डोसच्या कर्क्युमिन कॅप्सूल घेणाऱ्यांत लिव्हरला सूज आल्याच्या नोंदी आहेत. आदल्या दिवशी जोराचा व्यायाम किंवा अंगमेहनत झाली असेल तर तेही सांगावं, एसजीओटी स्नायूंतही असतं. आणि शक्यतो उपाशीपोटी यावं. ओ किंवा बी रक्तगटाच्या काही लोकांत तुपातेलाच्या जेवणानंतर आतड्यातलं एएलपी रक्तात उतरतं आणि आकडा थोडा वर जातो.

एएलपी एकटंच वाढलेलं असेल तर डॉक्टरांना जीजीटीबद्दल विचारा. नमुना लॅबच्या फ्रिजमध्ये दिवस-दोन दिवस ठेवलेला असतो, त्यातच ते करता येतं. जतपर्यंत परत जाऊन पुन्हा यायला लागत नाही, फोन केला तरी चालतं.